झाडाचं वजन येतं कुठून?

खिडकीतली_कुंडी
मंडळी, विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच. आता लेकीमुळे तो परत जुळतोय, आणि दर वेळी नापास मीच होतेय.

झालं असं, की कुंडीतलं एक झाड फार वाढलं म्हणून मोठ्या कुंडीत हलवत होते. चार वर्षांपूर्वी लावलं तेव्हा बोटभर काडी होती. आता माझ्या खांद्याला लागतं. लेक, वय वर्षं नऊ, शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, माती तर होती तेवढीच आहे. मग एवढं लाकूड आलं कुठून?"

मी ठोकून दिलं, "मातीतूनच. मुळं माती खातात."

"मग कुंडीत खड्डा का नाही पडला?"

बोलती बंद. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या मला अजून पाठ आहे, पण ती घोकताना त्यातून लाकूड तयार होतं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. तर जाणकारांनो, झाडाचं वजन नेमकं येतं कुठून? नऊ वर्षांच्या मुलीला सांगता येईल असं सांगा. खरं तर तिच्या आईला समजेल असं सांगा, पुढचं मी बघते.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. लेकीला दंडवत.

जुना_माळी
मातीतून नाही तर कुठून? तीस वर्षं झाडं लावतोय. खत नाही घातलं तर झाड पिवळं पडतं, खुरटतं. घातलं की महिन्याभरात फुटवे. खड्डा पडला नाही कारण मुळांनी जागा भरून काढली. सोप्या गोष्टीसाठी उगाच पुस्तकं काढू नका.

पर्णरंध्र
माळीकाका, पुस्तक काढतेच, कारण तुमचं आणि त्या मुलीचं भांडण जवळजवळ चारशे वर्षं जुनं आहे.

यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट नावाच्या गृहस्थाने नेमकं हेच करून पाहिलं होतं. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका भांड्यात घेतली, त्यात विलोचं ५ पौंडांचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून वरून भोकांचं झाकण बसवलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि वर काही औंस. माती परत वाळवून तोलली, तर कमी झाली होती फक्त दोन औंस. साठ ग्रॅमसुद्धा नाही! हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला.

म्हणजे खड्डा पडत नाही हे तुमच्या लेकीने बरोबर पाहिलं. फक्त तिने माती वाळवून तोलायची बाकी ठेवली.

पण गंमत पुढेच आहे. माती नाही, मग उरलं काय, तर पाणी. म्हणून हेल्मोंटने जाहीर केलं की लाकूड, साल, मुळं सगळं पाण्यापासून झालं. ते चुकलं. 'गॅस' हा शब्द प्रचारात आणला तो याच माणसाने, आणि कोळसा जळताना जो वायू निघतो त्याचाही अभ्यास त्याने केला होता. तोच कार्बन डायऑक्साइड. उत्तर काखेत होतं आणि हा गावभर कळसा शोधत होता.

रिकामटेकडा
म्हणजे मी आत्ता ज्या खुर्चीवर बसलोय ती घट्ट केलेली हवा आहे? जरा बेताने टेकतो.

शंकासुर
पण पाणी का नाही? कुंडीत रोज ओततो ते पाणीच. हवा कोणी ओतत नाही.

पर्णरंध्र
शंका रास्त आहे. जिवंत झाडाच्या वजनातला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा पाण्याचाच असतो, कोवळ्या पानांत तर फारच जास्त. पण लाकूड पूर्ण वाळवा. जे उरतं त्यात वजनाने जवळपास निम्मा कार्बन असतो. पाण्यात कार्बनचा एक अणूही नाही. तो येतो हवेतून, पानांच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक भोकांतून. हो, माझं इथलं नाव तेच आहे.

आणि हवेत तो असतो किती? दहा हजार भागांत जेमतेम चार भाग कार्बन डायऑक्साइड. एवढ्या पातळ कच्च्या मालावर झाड जगतं. म्हणूनच त्याला इतकी पानं लागतात. पान म्हणजे हवेत पसरलेलं जाळं आहे असं समजा, मासे फार विरळ असलेल्या समुद्रातलं.

ओंडका
लाकूडकाम करतो म्हणून एक भर. झाडाने मातीतून किती घेतलं ते पाहायचं असेल तर लाकूड पूर्ण जाळा आणि राख तोला. बहुतेक लाकडांची राख शंभराला एकच्या आसपास भरते, काहींची त्याहूनही कमी. पोटॅश, चुना वगैरे जे मातीतून आलं ते एवढंच. बाकीचं जिथून आलं तिथे धूर होऊन परत गेलं.

पर्णरंध्र
ओंडका, सुंदर. एकच सुधारणा, नायट्रोजनही मुळांतूनच येतो, पण जाळल्यावर तो राखेत न राहता उडून जातो. तो धरला तरी बेरीज फार वाढत नाही.

जुना_माळी
शंभराला एक म्हणता. मग त्या एकाशिवाय झाड मरतं का? हवा फुकट आहे, सगळीकडे सारखीच आहे. मग एकाच गल्लीतलं एक झाड तरारतं आणि दुसरं खुरटतं, ते कशामुळे? पुस्तकात बघून सांगा.

तिरकस
काकांनी सिक्सर मारला.

पर्णरंध्र
काका, पुस्तकात न बघता सांगते. घर बांधायला हजारो विटा लागतात आणि गवंडी लागतात चार. घराच्या वजनात गवंड्याचा वाटा शून्य. पण गवंडी आलेच नाहीत तर विटा अंगणात पडून राहतात.

विटा म्हणजे हवेतला कार्बन. गवंडी मातीतून येतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. मॅग्नेशियम कमी पडलं की आधी जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देतं. नायट्रोजनची गोष्ट आणखी मोठी. हवेतला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावणारं रुबिस्को नावाचं एक विकर आहे. अत्यंत मंद कारागीर. इतर विकरं सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हातावेगळे करतात, हा जेमतेम दोन-चार ते दहा. वर वेंधळा, कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच उचलतो आणि केलेलं काम वाया घालवतो. एक कारागीर मंद असला तर काय करायचं? भरती वाढवायची. झाडं तेच करतात. पान या प्रथिनाने ठासून भरलेलं असतं, आणि प्रथिन म्हटलं की नायट्रोजन आलाच.

म्हणून तुम्ही नायट्रोजनचं खत घातलं की झाड हिरवंगार होतं. तुम्ही त्याला जेवण वाढत नाही, स्वयंपाक्यांची संख्या वाढवता.

जुना_माळी
गवंड्याचं पटलं. पण "माती काहीच देत नाही" असं कोणी म्हणालं तर मी भांडणार.

शंकासुर
कोणीच म्हणालं नाही काका.

जुना_माळी
म्हणाल तेव्हा भांडेन.

गवतफूल
धागा छान चाललाय. या निमित्ताने विचारते, रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून खोलीत झाड ठेवू नये म्हणतात. आणि दुसरीकडे मला ढकललेला एक संदेश आलाय की अमुक दहा झाडं चोवीस तास ऑक्सिजन देतात, ती उशाशी ठेवा. ठेवू की नको?

पंपवाला
गवतफूल, खोलीत दुसरा माणूस झोपतो त्याचं काय करता? माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. कुंडीतलं झाड त्याच्यापुढे किस झाड की पत्ती!

पर्णरंध्र
पंपवाल्यांना +१. झाड रात्रीच नाही, दिवसाही श्वसन करतंच. जिवंत पेशीला त्यातून सुटका नाही. फक्त दिवसा प्रकाशसंश्लेषणाची आवक इतकी मोठी असते की श्वसनाची जावक झाकली जाते. पानांचे हिरवे भाग उजेडात हवा सुधारतात आणि अंधारात बिघडवतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्येच दाखवलं होतं. त्याच्या काही वर्षं आधी प्रीस्टलीने बंद भांड्यात पुदिन्याचं रोप ठेवून दाखवलं होतं की विझलेल्या मेणबत्तीने बिघडलेली हवा झाड पुन्हा ताजी करतं. पण त्याचे प्रयोग कधी जमत, कधी फसत. उजेड हाच तो फरक, हे इंगेनहाउसला उमगलं.

आता तो संदेश. त्यात एक बी खरं आहे आणि त्यावर उगवलेलं झाड खोटं. निवडुंग, अननस, पानफुटी अशा काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा रंध्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून त्याची साखर करतात. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलेलं आहे. चाखून बघू नका, ती वनस्पती पोटाला बरी नाही.

म्हणजे ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं. पण ऑक्सिजन सोडत नाहीत, कारण ऑक्सिजन निघायला पाण्याचा रेणू फोडावा लागतो आणि त्याला उजेडच हवा.

शंकासुर
थांबा थांबा. ऑक्सिजन पाण्यातून? शाळेत तर शिकलो की झाड कार्बन डायऑक्साइड घेतं, कार्बन ठेवून घेतं आणि ऑक्सिजन सोडून देतं. सरळ वजाबाकी.

पर्णरंध्र
शंकासुर, बऱ्याच शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. पण काही जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरून प्रकाशसंश्लेषण करतात आणि ते ऑक्सिजन सोडत नाहीत, गंधक सोडतात. व्हान नील यांनी तर्क केला, तिथे गंधक हायड्रोजन सल्फाइडमधून सुटत असेल तर इथे ऑक्सिजन पाण्यातूनच सुटत असणार. मग १९४१ मध्ये रुबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी नेहमीपेक्षा जड ऑक्सिजन असलेलं पाणी शैवालाला दिलं. बाहेर पडलेल्या वायूतल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळलं.

आता ही गोष्ट मूळ प्रश्नाला जोडा. पाण्याचा ऑक्सिजन उडून जातो, हायड्रोजन राहतो. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन तर राहतोच, लाकडातला ऑक्सिजनही तिथूनच येतो. वाळलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन, चाळीस-पंचेचाळीस टक्के ऑक्सिजन आणि सहा टक्के हायड्रोजन. पाण्याच्या वाट्याला ते सहा टक्के.

रिकामटेकडा
पाचशे लिटर पाणी ओतलं आणि नावावर सहा टक्के. आमच्या ऑफिसात माझं असंच आहे.

खिडकीतली_कुंडी
धन्यवाद मंडळी! काल रात्री लेकीला सांगितलं की लाकूड हवेतून होतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी थापा मारतेय. म्हणाली, "हवा दिसत नाही. लाकूड दिसतं. मग?" आता?

ओंडका
बर्फ दाखवा. वाफ दिसत नाही, बर्फ दिसतो, आणि पाय घसरला की लागतोही.

पर्णरंध्र
बर्फ चालेल, पण एक फरक सांगा. वाफेचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. हवेचं लाकूड होताना उलट ऊर्जा आत घालावी लागते, ती उन्हाची. पान आधी साध्या साखरा करतं. त्यातल्या ग्लुकोजचे मणी एका पद्धतीने ओवले की स्टार्च होतो, बियांत आणि कंदांत साठवलेला. तेच मणी प्रत्येक दुसरा उलटा फिरवून ओवले की सेल्युलोज होतं, पेशींच्या भिंतींचं मुख्य सामान. मणी तेच, ओवण्यात फरक. एक आपल्याला पचतं आणि दुसरं पचत नाही. आपण जेवणातली भाकरी पचवतो आणि पोळपाट सोडून देतो तो याच फरकामुळे.

तिरकस
आमच्याकडे पोळपाट सोडायचं खरं कारण वेगळं आहे, पण असो.

अवांतर विचारतो. वीस वर्षांपूर्वी एका झाडावर मी एक नाव कोरलं होतं. कोणाचं ते विचारू नका. झाड आता दुप्पट उंच झालंय. हिशेबाने नाव माझ्या डोक्याच्या कितीतरी वर जायला हवं होतं. परवा बघितलं तर छातीशीच आहे. फक्त अक्षरं फुगलीत. झाड उंच झालं की नाही?

शंकासुर
झाड उंच झालं, तुम्ही तिथेच राहिलात.

पर्णरंध्र
नाव कायम छातीशीच राहील. झाड रबरासारखं ताणलं जात नाही. उंची वाढते ती फक्त शेंड्यांच्या टोकाला, जिथे पेशी विभागत असतात. खालचं खोड एकदा लांब झालं की झालं, पुढे ते फक्त जाड होतं. जाडी वाढवतो तो सालीच्या आतला कॅम्बियम नावाचा पातळ थर. आतल्या बाजूला तो लाकूड घालतो, बाहेरच्या बाजूला सालीचा आतला भाग. तुमची अक्षरं फुगली ती त्यामुळे.

गवताचं उलट आहे. त्याची वाढ पात्याच्या बुडाशी होते, म्हणून वरून कितीही कापलं तरी ते वाढतच राहतं.

ओंडका
झाडाला ठोकलेला खिळाही वर जात नाही, झाड त्याला गिळतं. करवतीची पाती मोडतात ती अशा गिळलेल्या खिळ्यांनीच. आणि पोकळ खोडाचं झाड बघून लोक हळहळतात, त्याची गरज नसते. मधला गाभा मेलेलाच असतो. कॅम्बियम आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे थर शाबूत असले तर झाड आतून रिकामं होऊनही कितीतरी वर्षं पानं काढतं.

पंपवाला
माझा व्यवसायातला प्रश्न. पंपाने वरून पाणी ओढायचं तर दहा मीटरच्या वर ओढता येत नाही, हवेचा दाब तेवढाच. मग शंभर मीटर उंच झाड शेंड्यापर्यंत पाणी कसं नेतं? मुळाशी पंप आहे का?

शंकासुर
केशाकर्षण. स्पंजसारखं.

पंपवाला
हिशेब करून पाहिला. लाकडातल्या नळ्यांच्या जाडीला केशाकर्षणाने पाणी फार तर मीटरभर चढेल. झुडपाला पुरेल, झाडाला नाही.

पर्णरंध्र
पंपवाले, मुळाशी थोडा दाब असतो. पहाटे गवताच्या टोकांवर जे थेंब दिसतात ते सगळे दव नसतात, त्यातले काही आतून ढकललेलं पाणी असतं. पण उंच झाडाला ते पुरत नाही. ओढणारं वरच आहे.

पानातून पाण्याची वाफ सतत उडते. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं बहुतेक सगळं असंच उडून जातं. वर एक रेणू उडाला की मागचा पुढे सरकतो, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानापासून मुळापर्यंत ती पाण्याची अखंड दोरी असते आणि ऊन ती वरून ओढतं. तुमच्या पंपात नळी मोठी, त्यात बुडबुडा होतो आणि दोरी तुटते. झाडाच्या जलवाहिन्या इतक्या बारीक आणि त्यांच्या भिंती इतक्या ओल्या असतात की दोरी ताण सोसते. डिक्सन आणि जोली यांनी हा विचार १८९४ मध्ये मांडला. एक रेडवूड जातीचं झाड ११५ मीटरच्या वर उंच आहे, तिथेही हेच चालतं.

आणि ही नळी मेलेल्या पेशींची असते. पेशी तयार होते, भिंत जाड करते आणि मरते, तेव्हा कुठे ती नळी म्हणून कामाला येते. स्ट्रासबुर्गरने कापलेली झाडं विषारी द्रावणात उभी केली. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण वर चढत राहिलं. म्हणजे जिवंत पंप नाहीच.

पंपवाला
मेलेला पाइप, बिनविजेचा, शंभर मीटर. मी धंदा बदलतो.

जुना_माळी
पाणी जाण्याचं कळलं. मग गुटी कलमाचं सांगा. फांदीची बोटभर साल गोल काढतो, शेवाळ बांधतो. पाणी तोडल्यासारखं दिसतं, पण वरची पानं कोमेजत नाहीत, उलट कापाच्या वरच्या कडेला गाठ येते आणि तिथून मुळं फुटतात. हजारो कलमं बांधली, पण असं का होतं ते कोणी सांगितलं नाही.

पर्णरंध्र
काका, आज या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे.

पाणी वर जातं ते लाकडातून, आणि तुम्ही लाकडाला हात लावत नाही, म्हणून पानं ताजी राहतात. पानात झालेली साखर खाली येते ती सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून. त्या तुम्ही काढून टाकता. साखर खाली येते आणि कापापाशी अडते. शेंड्याकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरकही तिथेच तुंबतं, आणि ते मुळं फुटायला लावतं. माल साठला, हुकूम साठला, वर ओल आणि अंधार तुम्ही बांधून दिलात. मुळं फुटणारच. साल काढल्यावर वरचा भाग फुगतो हे माल्पिगीने सतराव्या शतकातच पाहिलं होतं.

तीस वर्षं तुम्ही झाडाचं अन्न पानातून खाली येताना हाताने अडवत आलात काका. अन्न मातीतून वर येत असतं तर गाठ कापाच्या खालच्या कडेला आली असती.

जुना_माळी
...

जुना_माळी
हे आधी सांगितलं असतं तर भांडलो नसतो.

तिरकस
काकांच्या त्या तीन ठिपक्यांची तसबीर करून लावा रे कोणीतरी.

गवतफूल
मग ताडामाडाला गुटी का बांधत नाहीत?

जुना_माळी
धरतच नाही.

पर्णरंध्र
बरोबर. त्यांच्या खोडात कॅम्बियमचा थर नाही, वाहिन्यांच्या जुड्या सगळीकडे विखुरलेल्या असतात. सोलून काढावी अशी साल नाही, वयाची वर्तुळंही नाहीत.

शंकासुर
मूळ प्रश्नाकडे वळू या? लेकीला पटवायचं कसं हे राहिलंच. पाच वर्षं विलो लावून बसायची तयारी आहे का?

पर्णरंध्र
पाच वर्षांची गरज नाही. घेवड्याच्या सारख्या बिया घ्या, दोन ढीग सारख्या वजनाचे. दोन्ही ओल्या कापसावर रुजवा, माती नाही, खत नाही, फक्त पाणी. एक ताट खिडकीत ठेवा, एक बंद कपाटात. अडीच आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं मुळांसकट काढून कडकडीत वाळवा आणि तोला.

ओंडका
एक पथ्य. कोरड्या दिसणाऱ्या बियांतही साधारण दहा टक्के पाणी असतं. तेव्हा तिसरा ढीग न रुजवता तसाच वाळवून तोला, नाहीतर तुलना फसेल. लाकूड विकत घेताना आम्ही हे शिकलोय.

खिडकीतली_कुंडी
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफी असावी.

प्रयोग झाला. कपाटातली रोपं बघून लेक हरखली, कारण ती खिडकीतल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच झाली होती. पांढरट-पिवळी, लेचीपेची, पण उंच. तिने पैज लावली की कपाटातली जड भरणार. मी गप्प बसले.

वाळवून तोललं. कपाटातली रोपं न रुजवलेल्या वाळक्या बियांपेक्षाही हलकी भरली. खिडकीतली बुटकी बियांपेक्षा जड भरली. दोन-तीनदा तोललं, तेच.

ती बराच वेळ तराजूकडे बघत बसली. मग म्हणाली, "खिडकीतल्यांना माती नव्हती, तरी वाढलं. म्हणजे हवा." मी मनात तुम्हा सगळ्यांना दंडवत घातला. पण लगेच पुढचं आलं. "कपाटातली एवढी उंच झाली, ती कशाची? हवेची तर नाही. आणि वजन तर कमी झालं."

मी म्हटलं, तूच सांग. तिने वाळायच्या आधीचं एक रोप वहीत दाबून ठेवलं होतं. ते पान उघडून दाखवलं. कागदावर ओला डाग पडला होता.

शंकासुर
पाणी! हेल्मोंट निदान कपाटात तरी बरोबर होता.

पर्णरंध्र
अगदी. अंधारात पेशी नवं सामान न घेता पाणी पिऊन लांब होतात, बियातली शिदोरी श्वसनात जाळत उजेड शोधत निघतात. जळलेली शिदोरी कार्बन डायऑक्साइड होऊन कपाटातच उडाली, म्हणून वजन घटलं. पानं उघडत नाहीत, हिरवं होत नाहीत, सगळा खर्च उंचीवर. जमिनीखाली रुजलेल्या बीला तेच करावं लागतं.

जुना_माळी
पोरीला सांगा, पुढच्या वेळी तिसरं ताट करायचं. उजेडात, पण पाण्यात चिमूटभर खत. मग बघू गवंड्यांचं वजन.

खिडकीतली_कुंडी
काका, तिने ताट आधीच मांडलंय. खत किती घालायचं ते तुम्हाला विचारायला सांगितलंय.